फुटपाथवरचं बिऱ्हाड: एका कादंबरीच्या संपादनाच्या नोंदी

३ जून २०२५

खर्डा आला. ५८ हजार शब्द, ३१ प्रकरणं. वाचक कुमारवयाचे आणि त्यांच्या हातातून पुस्तक घेऊन वाचणारे मोठे. कथानक सरळ आहे. लातूर जिल्ह्यातलं कोरडवाहू कुटुंब २०१६च्या उन्हाळ्यात मुंबईला येतं, भायखळ्याच्या पदपथावर वर्षभर राहतं आणि शेवटी भाड्याच्या खोलीत जातं. आई सुमन, बाप दत्ता, दहा वर्षांची रेणू, चार वर्षांचा बाळ्या. भोवती चहाच्या टपरीवाला, शेजारच्या पालातली काशीमावशी, शाळेतल्या बाई.

गद्य चांगलं आहे, संवाद पळतात. अडचण चांगुलपणाची आहे. येणाराजाणारा कुणीतरी काहीतरी देतो आणि प्रकरण संपतं. देणाऱ्याचं काहीच जात नाही, त्यामुळे घेणाऱ्यालाही काही मिळाल्यासारखं वाटत नाही. म्हणून आजपासून एक पद्धत: मदतीच्या प्रत्येक प्रसंगाशेजारी समासात तीन गोष्टी लिहायच्या. करणाऱ्याचं काय गेलं, त्याला घरचे किंवा धंद्यातले काय म्हणाले, आणि ती मदत किती दिवस पुरली. तिन्ही जागा कोऱ्या राहिल्या तर प्रसंग काढायचा. दोन भरल्या तर पुन्हा लिहायचा.

गाडीतून उतरून फ्लॅटची किल्ली देणारे साहेब (प्रकरण २९) या चाळणीत पहिल्याच फटक्यात पडले. ते प्रकरण गेलं.

५ जून

काळाचा तक्ता केला. डावीकडे प्रकरण, मधे तारीख, उजवीकडे त्या दिवशी मुंबईत आणि लातुरात खरोखर काय चालू होतं. असा तक्ता नसला की लेखक आजची मुंबई २०१६मध्ये नेऊन ठेवतो. तसंच झालेलं आहे:

प्रकरण ६मध्ये सुमन शिवभोजन थाळी आणते. ती योजना २६ जानेवारी २०२०ला सुरू झाली. प्रसंग काढला. त्या जागी मंडईमागचा खिचडीवाला आला. तो रात्री उरलेली खिचडी निम्म्या दरात देतो, पण पातेलं घासून द्यायच्या बोलीवर.

स्थानकाचं नाव ‘सीएसएमटी’ असं पात्रांच्या तोंडी आहे. ‘महाराज’ हा शब्द अधिकृत नावात २०१७मध्ये आला. २०१६मध्ये सीएसटी, आणि काशीमावशीच्या वयाच्या बाईच्या तोंडी व्हीटीच. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी त्याहूनही पुढे, २०१८ला झालं.

लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वे मिरजेहून १२ एप्रिल २०१६ला पोचली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, साधारण पाच लाख लिटर. कुटुंब गाव सोडतं तो दिवस खर्ड्यात मार्चअखेर होता. तो १२ एप्रिलनंतर चार दिवसांवर सरकवला. गाडी आल्याची बातमी गावभर झालेली आहे आणि तरीही ही माणसं निघतात. शहराची तहान भागली म्हणून रान भिजत नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

११ जून

जागा. खर्ड्यात बिऱ्हाड माटुंग्याच्या तुळपुळे उड्डाणपुलाखाली होतं आणि मंडईचं काम भायखळ्यात. पुलाखाली त्याच वर्षी बाग झाली, तेव्हा ती जागा तशीही बाद. शिवाय पदपथावर राहणारं माणूस कामापासून लांब राहत नाही. पहाटे चारला भाजीच्या गाड्या लागतात, त्या वेळी तिथं असेल त्याला निवडायचं, पोती उचलायचं काम मिळतं. रोजचं येणंजाणं परवडत असतं तर माणूस लांब स्वस्तातली खोली बघेल. ‘फुकट राहायला मिळतं म्हणून तिथं राहतात’ हा समज मोडायचा असेल तर नकाशाच पुरेसा आहे. बिऱ्हाड भायखळ्याच्या भाजी मंडईपासून चालत पाच मिनिटांवर आणलं.

नकाशा कागदावर काढला. पाल, नळ, सुलभ शौचालय, टपरी, शाळा, पोलीस चौकी. प्रत्येक दोन ठिकाणांमधलं अंतर मिनिटांत. रात्रीचं शौचालय बंद झाल्यावर बायका काय करतात हा प्रश्न खर्ड्यात कुठेच नव्हता. आता आहे: सुमन आणि काशीमावशी संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाहीत. एवढं एक वाक्य. त्यावर भाष्य घालू नये असं लेखिकेला कळवलं.

१६ जून

पावसाचं प्रकरण (९). खर्ड्यात ‘ताडपत्रीखाली कुटुंब बिलगून बसलं’ एवढंच होतं. ताडपत्री बांधणं हे काम आहे आणि ते चुकतं, तिथे प्रसंग आहे. आम्ही दिलेला तपशील:

बारा बाय अठरा फुटी निळं मेणकापड. भिंतीकडची बाजू उंच, रस्त्याकडची खाली, म्हणजे पाणी गटारात जातं. उलटं बांधलं तर भिंतीलगत तळं. भिंतीच्या माथ्यावरून कापड पलीकडे टाकून विटांनी दाबावं लागतं, नाहीतर भिंतीवरून ओघळणारं पाणी आतल्या अंगाने थेट अंथरुणात. कडेच्या पितळी रिंगांना दोरी बांधली तर पहिल्या वाऱ्यात रिंग कापडासकट उपटून येते. म्हणून कोपऱ्यात लिंबाएवढा खडा गुंडाळायचा आणि त्या गाठीच्या मानेला दोरी आवळायची. एवढं करूनही जोराच्या सरीत मधोमध पाणी साचून कापडाला पोट सुटतं. ते आतून बांबूने वर ढकलायचं. आणि ढकललं की सगळं पाणी शेजारच्याच्या पालावर.

हे शेवटचं महत्त्वाचं. दत्ता पोट ढकलतो, काशीमावशीचं अंथरूण भिजतं, रात्री दोनला भांडण. सकाळी मावशीच येऊन दाखवते की बांबू मधोमध न लावता एक हात रस्त्याच्या बाजूला लावायचा. नवीन लिहिलेला हा प्रसंग समासातल्या तिन्ही जागा भरतो: मावशीचं अंथरूण गेलं, तिच्या सुनेने तोंड सोडलं, आणि युक्ती पावसाळाभर पुरली.

झोपायचं कसं, तेही नक्की केलं. विटांच्या दोन थरांवर प्लायवूडची फळी, फळीवर पोरं. मोठी माणसं भिंतीला टेकून बसून.

२३ जून

म्युन्सिपालटीची गाडी (प्रकरण १२). खर्ड्यात अधिकारी पंधरा दिवसांची लेखी नोटीस हातात देतो. असं होत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८च्या कलम ३१४खाली आयुक्तांना पदपथावरचं अतिक्रमण नोटिशीशिवाय हटवता येतं. गाडी येते, कुणीतरी शिट्टी मारतो, आणि काय वाचवायचं ते दोन मिनिटांत ठरतं. खर्ड्यात सुमन देवाची तसबीर उचलते. ते दिसायला छान आहे, पण अनुभवी बाई आधी कागदांची पिशवी उचलते, मग स्टोव्ह, मग पाण्याचा हंडा. कपडे गेले तर मिळतात. आधारची पावती गेली की पुढचं वर्ष गेलं. सुमन तेव्हा नवखी आहे, तिने तसबीर उचलावी. काशीमावशी कागद उचलते आणि तिच्यावर खेकसते. त्यानंतर सुमनची पिशवी टपरीवाल्याच्या बिस्किटांच्या डब्यामागे राहायला जाते. टपरीही बेकायदा, म्हणजे दुसऱ्याचा ऐवज ठेवून घेणं त्याला जोखमीचं. समास भरला.

काशीमावशीचा भूतकाळ तपासला. १९८१च्या जुलैमध्ये मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने पदपथवासीयांना भर पावसात शहराबाहेर पाठवायला घेतलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल १० जुलै १९८५चा. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालयाने मानलं. मात्र पदपथ अडवून राहण्याचा हक्क दिला नाही, कलम ३१४ही वैध ठरवलं, फक्त एरवी नोटीस द्यावी अशी अपेक्षा ठेवली. खर्ड्यात मावशी अभिमानाने म्हणते, ‘कोर्टानं आम्हाला फुटपाथवर राहायचा हक्क दिलाय.’ निकाल असा नाही, आणि ज्या बाईचं पाल त्यानंतरही उठत आलं ती असं बोलणार नाही. आता ती एवढंच सांगते: पावसाळा जाऊ द्या म्हणाले, ३१ ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका म्हणाले, मग आले. १९८१ला ती विशीत असेल तर २०१६ला पंचावन्नच्या आसपास. खर्ड्यात सत्तरीची म्हातारी होती. वय कमी केलं, दात परत दिले.

३० जून

सिग्नलवर गजरे विकणारी रेणू आणि पोलीस. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्यात भीक मागण्याची व्याख्या इतकी सैल आहे की गाणं म्हणणं, वस्तू विकायला पुढे करणं, एवढंच काय, पोट भरायचं साधन दिसत नसताना भटकणं हेही त्यात बसतं. पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये यातली बरीच कलमं रद्द केली, पण ते दिल्लीपुरतं. आपल्या गोष्टीत कायदा पूर्ण लागू आहे.

मूल पोलिसांच्या हाती लागलं तर बाल न्याय कायद्यानुसार २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यायचं असतं. खर्ड्यात रेणू चार दिवस चौकीत बसून राहते. दुरुस्त केलं. एक रात्र, तीही बालगृहात, आणि दुसऱ्या दिवशी समितीसमोर आई. ती आई आहे हे सिद्ध करायला कागद लागतो, तो बिस्किटांच्या डब्यामागे. प्रकरण १२चा धागा इथे आपोआप जुळला.

४ जुलै

नोटाबंदी. कादंबरीचा कणा इथेच आहे आणि खर्ड्यात ती दीड पानात उरकली होती. तीन प्रकरणांची जागा दिली (१६ ते १८).

सुमनकडे साठवलेले ७,५०० रुपये, पाचशेच्या १५ नोटा, परकराच्या नेफ्यात. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री त्या बाद होतात. ९ला बँका बंद. १०पासून ओळखपत्र दाखवून माणशी ४,००० रुपयांपर्यंत बदलून. पुढच्या आठवड्यात मर्यादा ४,५००, १८पासून २,०००, आणि २४नंतर खिडकीवर बदलणं बंद. त्यानंतर जुन्या नोटा फक्त खात्यात भरायच्या, ३० डिसेंबरपर्यंत. लेखिकेने हे दिवस एकमेकांत मिसळले होते. ११ नोव्हेंबरला टपरीवाल्याच्या बोटाला शाई लागते असं लिहिलं आहे, पण शाई १६पासून आली आणि ती उजव्या हाताच्या बोटाला. खर्ड्यात डावा हात. तो मतदानाचा.

सुमनचं आधार अजून आलेलं नाही, फक्त नोंदणीची पावती आहे. दत्ताचं मतदार ओळखपत्र गावी. दलाल पाचशेच्या नोटेला चारशे द्यायला तयार. खर्ड्यात टपरीवाला सगळे ७,५०० एका फेरीत बदलून आणतो आणि हसत परत देतो. हे बसतच नाही. नव्या आराखड्यात तो १२ तारखेला (शनिवार असूनही त्या दिवशी बँका उघड्या होत्या) तिच्या आठ नोटा घेऊन रांगेत उभा राहतो. टपरी दिवसभर बंद. मर्यादा त्याच्या नावावर संपली, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गल्ल्यातल्या पाचशेच्या नोटा तशाच. बायको फोनवर काय बोलते ते ऐकू येत नाही, तो फक्त ‘हां, हां’ म्हणतो.

आणि मग मिळतात दोन हजारांच्या दोन गुलाबी नोटा. मोड कुणाकडे नाही. सुमन दहा रुपयांचे तांदूळ, पाच रुपयांचं तेल पुडीत घेणारी बाई. दुकानदार नोट बघून हात जोडतो. चार हजार रुपये हातात असताना लेकरं उपाशी झोपतात. हे दृश्य खर्ड्यात नव्हतं, आणि आमच्या मते पुस्तकातलं सगळ्यात खरं दृश्य हेच होणार. लेखिकेला सांगितलं की इथे एकही विशेषण नको. दुकानातल्या पुड्यांचे भाव तेवढे द्यावेत.

उरल्या सात नोटा, ३,५०० रुपये. ‘बेघर बाईला बँकेत खातं मिळत नाही’ असं प्रकरण १८ म्हणतं. नियम तसा नव्हता. ओळखपत्र नसलं तरी बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा आणि एक फोटो, एवढ्यावर ‘छोटं खातं’ उघडता येत होतं. शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार काढता येणार, वर्षभराची मुदत, आणि दरम्यान ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर मुदत वाढते. आधारची पावती इथे कामी येते. हा नियम माहीत असलेला आणि रांग दाराबाहेर गेलेली असताना तो वापरायचा कंटाळा न करणारा कारकून, अशी व्यक्तिरेखा सुचवली. त्याला दयाळू दाखवू नये. त्याने चिडचिड करावी, फोटो मागे-पुढे झाला म्हणून दोनदा परत पाठवावं, आणि खातं उघडावं.

१२ जुलै

शाळा. खर्ड्यात जन्मदाखला नाही म्हणून मुख्याध्यापिका नकार देतात आणि रेणू जूनपर्यंत थांबते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम १५नुसार वर्षाच्या मधेही घ्यावं लागतं. पालकाने वयाचं लेखी निवेदन दिलं तरी चालतं. मग नकार कशाचा?

आधी वाटलं प्रकरणच बाद. पण थांबायचं कारण घरात सापडतं. रेणू शाळेत गेली तर बाळ्याला कोण बघणार? सुमन पहाटे चार ते अकरा मंडईत. पदपथावर चार वर्षांचं पोर एकटं ठेवायचं म्हणजे बसच्या चाकाखाली ठेवण्यासारखंच. काही वस्त्यांत आया लहानग्याच्या पायाला दोरी बांधून ती खांबाला अडकवतात. वाचकाला ते क्रूर वाटतं, दोन पानं पुढे गेल्यावर वाटत नाही. दोरीचा तपशील ठेवला: गाठ घोट्याला नाही, कमरेला. लांबी पदपथाच्या कडेपासून एक हात आधीच संपणारी.

बाई काय करतात, तर बाळ्याला त्याच इमारतीतल्या बालवाडीत घेतात आणि रेणूला मधल्या सुट्टीत त्याच्याकडे जाऊ देतात. बालवाडीच्या ताईंचं म्हणणं, पट आधीच भरलाय. बाई आणि ताईंमध्ये महिनाभर अबोला. ही किंमत.

१८ जुलै

रात्रनिवारा. वाचक विचारणारच की सरकारी निवाऱ्यात का जात नाहीत. शहरी बेघरांच्या योजनेचा २०१३मध्ये ठरलेला निकष: एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट. मुंबईची २०११ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे साडेबारा हजारांच्या आसपास माणसांची सोय हवी. त्याच जनगणनेत मुंबईतले बेघर ५७ हजारांवर. निकष पुरा केला असता तरी चार-पाचातल्या एकालाच जागा मिळाली असती. हे सगळं कादंबरीत नको. एकच प्रसंग: दत्ता चौकशी करून येतो, पुरुषांचा निवारा वेगळा, बायकांचा वेगळा, सामान बाहेर. सुमन म्हणते, ‘मग नगं.’

२२ जुलै

भाषेचा तक्ता. निवेदन प्रमाण मराठीत. सुमन-दत्ताचं बोलणं लातूरकडचं: करायलास, बोलायलीस, जायलाव, माय, लेकरू. खर्ड्यात एकाच पानावर ‘जायलाव’, ‘चाललोय’ आणि ‘जाऊन राहिलो’. तिसरं तर वऱ्हाडाकडचं, ते कुठून आलं कोण जाणे. रूपांची यादी करून मुद्रितशोधकाला दिली, नाहीतर ते सगळं ‘शुद्ध’ होऊन येतं. रेणूची भाषा प्रकरण १४पासून हळूहळू मुंबईची होते, आईशी बोलताना मात्र परत लातूरची. टपरीवाल्याची बंबैया हिंदी, तळटीप न देता.

२९ जुलै

शेवट. किल्लीवाले साहेब गेल्यापासून खोलीचे पैसे कुठून आले हे उभं करायचं होतं. हिशोब: खात्यातले ३,५००, डिसेंबर ते मे सहा महिने रोजचे सरासरी ६० म्हणजे १०,८००, एकूण १४,३००. मानखुर्दच्या खोलीचं डिपॉझिट १५,०००. सातशे कमी. लेखिकेची इच्छा होती की ते काशीमावशीने द्यावेत. आम्ही नको म्हटलं. मावशी आधीच पुरेसं देऊन बसली आहे, आणि सातशे असते तर तिने सुनेचा दवाखाना केला असता. घरमालक दोन हप्त्यांत घ्यायला तयार होतो, पण उशिराबद्दल पहिल्या महिन्याचं भाडं जास्त लावतो. चांगुलपणा आणि व्यवहार इथे एकाच माणसात. दत्ताला मानखुर्दहून रोज कामाला परत भायखळ्याला यावं लागणार, तो लोकलचा खर्चही हिशोबात घातला.

आधीच्या एका खर्ड्यात दत्ता प्रकरण ३मध्ये मरणार होता, ते लेखिकेने आमच्याकडे येण्याआधी स्वतःच मागे घेतलं होतं. बरं झालं. बाप जिवंत, कष्टाळू आणि तरीही अपुरा, हे लिहायला अवघड आणि वाचायला जास्त खरं.

५ ऑगस्ट

मजकूर आता ४६ हजार शब्द, २४ प्रकरणं. पुस्तकाचा आकार डेमी, पानाला २८ ओळी, सरासरी ३०० शब्द. म्हणजे १५४ पानं. प्रकरणारंभीची मोकळी जागा आणि शेवटची अर्धी पानं धरून आणखी वीसएक, वर सुरुवातीची सहा. एकूण १८०. फर्मा (एका कागदावर एकत्र छापून घडी घालायची पानं) १६ पानांचा, म्हणजे ११ फर्म्यांच्या १७६मध्ये बसत नाही आणि बारावा फर्मा चार पानांसाठी छापावा लागतो. अक्षर लहान करायचं नाही, वाचक बारा-तेरा वर्षांचे आहेत. ओळी २९ केल्या तर पाच पानं वाचतात. तेच केलं. मात्र देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना टेकतात का ते छापलेल्या प्रुफावर बघायचं, पडद्यावर कळत नाही.

कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो. घड्या घातलेल्या फर्म्यांच्या जुड्या शिवून घ्यायच्या. नुसत्या डिंकावरचं पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात एक वर्ष टिकत नाही.

११ ऑगस्ट

मुखपृष्ठाचे तीन नमुने आले. दोनांवर रडणारं मूल, बाद. तिसऱ्यावर वरून पाहिलेलं निळं मेणकापड, मधोमध पाणी साचलेलं, कोपऱ्यात खडा बांधलेली गाठ. हे घेतलं. चित्रात गाठीची दोरी रिंगेतून ओवलेली दाखवली आहे, ती काढून मानेला आवळलेली करायला सांगितली.

मलपृष्ठावरच्या मजकुरात ‘काळजाला हात घालणारी’ असं आलं होतं, छाटलं. त्या जागी प्रकरण १७मधला दुकानातला उतारा, सहा ओळी, भावांसकट. शेवटच्या पानावर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आणि शिक्षण हक्क कायद्याची दोन कलमं सोप्या भाषेत, चौकटीत. चौकटीचा मजकूर शाळेतल्या बाईंच्या तोंडी घालायची सूचना आली होती, ती नाकारली. बाईंनी महिनाभराचा अबोला सोसलाय, त्यांच्याकडून कलमं वदवायची गरज नाही.

प्लेट काढण्याआधी राहिलेलं: प्रकरण १६ आणि १७च्या तारखा तक्त्याशी पुन्हा ताडून बघणं, ‘परकराचा नेफा’ सगळीकडे सारखा करणं, आणि पान ९२वरच्या पुडीचा भाव. तिथे तेल पाचचं आहे, मलपृष्ठावर दहाचं.